ग्रामीण भागातील तज्ज्ञ डॉक्टरांचे प्रशिक्षण व व्यावसायिक आधार : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

मुर्री हे गोंदिया शहराला लागून असलेले गाव होय. येथील गर्भवती स्त्रीला बाळंतपणात अडचण आल्यास गोंदियाचे बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय जवळच आहे. याच जिल्ह्यातील सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातील जंगलालगतच्या गावात राहणाऱ्या स्त्रीची स्थिती मात्र वेगळी आहे. तिला आधी ग्रामीण रुग्णालयात, तेथून गोंदियाला आणि प्रसंगी लोहमार्गाने सुमारे १३० किलोमीटर दूर असलेल्या नागपूरला नेले जाते. या प्रवासात जाणारे तास अनेकदा निर्णायक ठरतात. तज्ज्ञ डॉक्टर ग्रामीण भागात का जात नाहीत, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. गेलेला डॉक्टर तेथे तज्ज्ञ म्हणून कसा टिकावा, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे.

रिक्त पदे आणि अपुरा संघ :

केंद्र शासनाच्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार मार्च २०२२ अखेर देशातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत आवश्यकतेच्या तुलनेत ७९.५ टक्के तज्ज्ञांची कमतरता होती. शल्यचिकित्सकांच्या बाबतीत ही कमतरता ८३.२ टक्के, तर स्त्रीरोगतज्ज्ञांच्या बाबतीत ७४.२ टक्के होती. ही आकडेवारी परिचित आहे; पण तिच्यातून एक गोष्ट दिसत नाही. तज्ज्ञ एकटा काम करू शकत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ आहे पण भूलतज्ज्ञ नाही, अशा रुग्णालयात सिझेरियन होत नाही. दोघेही आहेत पण रक्तसाठवण केंद्र नाही, तर अतिरक्तस्रावाची शक्यता असलेला रुग्ण पुढे पाठवावा लागतो. म्हणजे कागदावर पद भरलेले असते, शस्त्रक्रियागृह मात्र बंद असते.

याचा परिणाम रुग्णावर होतो तसाच डॉक्टरवरही होतो. शस्त्रक्रियेचे कौशल्य हाताच्या सरावावर टिकते. तीन वर्षे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला शल्यचिकित्सक दोन वर्षे केवळ बाह्यरुग्ण विभाग व शवविच्छेदन यांत गुंतला, तर त्याचा आत्मविश्वास ओसरतो. मग तो साधी शस्त्रक्रियाही टाळू लागतो आणि रुग्ण पुढे पाठवण्याची सवय पक्की होते. अशा डॉक्टरने शहराची वाट धरली तर त्याला केवळ पैशाचा लोभ म्हणणे अन्यायाचे ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये दुर्गम भागातील आरोग्य कर्मचारी टिकवण्याविषयी मार्गदर्शक शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांत आर्थिक प्रोत्साहनाबरोबरच राहत्या ठिकाणी मिळणारे निरंतर शिक्षण व व्यावसायिक संपर्कजाल यांचा स्वतंत्र उल्लेख आहे.

अल्पकालीन प्रशिक्षणाचा अनुभव :

तज्ज्ञ मिळत नसतील तर एमबीबीएस डॉक्टरांनाच मर्यादित कौशल्ये द्यावीत, हा मार्ग भारतात अवलंबण्यात आला. जीवरक्षक भूल देण्याचे १८ आठवड्यांचे आणि सिझेरियनसह आपत्कालीन प्रसूतिसेवेचे १६ आठवड्यांचे प्रशिक्षण सुरू झाले. हेतू योग्यच होता. परंतु प्रशिक्षण घेऊन परतलेल्या अनेक डॉक्टरांनी ही कामे प्रत्यक्षात केलीच नाहीत, असे ठिकठिकाणी दिसून आले. पहिली दहा-वीस प्रकरणे अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावयास हवीत. तीच सोय नव्हती. वैद्यकीय महाविद्यालयातील भूल विभागात पाच-सहा वरिष्ठ आसपास असतात. ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता एकटाच डॉक्टर असतो. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र या दोन परिस्थितींतील अंतर भरून काढत नाही.

निरंतर शिक्षणाचे असेच आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहिता विनियमांत दर पाच वर्षांत किमान ३० तासांचे निरंतर वैद्यकीय शिक्षण अपेक्षिले आहे. परिषदा व कार्यशाळा बहुधा मोठ्या शहरांत भरतात. रुग्णालयातील एकमेव भूलतज्ज्ञ दोन दिवस परिषदेस गेला तर दोन दिवस शस्त्रक्रिया थांबतात. त्यामुळे ज्याला शिक्षणाची गरज अधिक, त्यालाच रजा मिळणे कठीण! शिवाय अशा परिषदांत चर्चा होते ती अद्ययावत यंत्रसामग्रीची. पूर्व विदर्भातील डॉक्टरला रोज भेटणारे प्रश्न वेगळे आहेत. सिकलसेलग्रस्त गर्भवतीला भूल देताना प्राणवायूची कमतरता, निर्जलीकरण आणि शरीराचे तापमान उतरणे कटाक्षाने टाळावे लागते. अन्यथा रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्या अवरुद्ध होतात. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले. त्याचा मुख्य भर तपासणी, समुपदेशन व उपचारांवर आहे. शस्त्रक्रियागृहातील या बारकाव्यांचे शिक्षण तालुक्यापर्यंत पोहोचण्यासाठी निराळी व्यवस्था लागते.

ग्रामीण भागातूनच आलेले ज्ञान :

ग्रामीण डॉक्टर हा ज्ञानाचा केवळ ग्राहक असतो, हे गृहीतकही तपासून पाहिले पाहिजे. रायगड जिल्ह्यात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाने हृदय व फुफ्फुसांवर होणाऱ्या परिणामांची निरीक्षणे खेड्यातच नोंदवली. प्राझोसिन या औषधाच्या उपयोगाविषयीचे त्यांचे लेखन १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले. येथे व्यक्तिगत चिकाटी मोठी आहेच. पण एका व्यक्तीच्या चिकाटीवर सार्वजनिक व्यवस्था उभी करता येत नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी स्थापन झालेली असोसिएशन ऑफ रूरल सर्जन्स ऑफ इंडिया ही त्या दृष्टीने अधिक उपयुक्त उदाहरण ठरते. कमी साधनांत शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी एकमेकांना शिकवावे, हा या संघटनेचा गाभा. पोटात वायू न भरता, कण्यातून दिलेल्या भुलेवर केली जाणारी दुर्बीण शस्त्रक्रिया या वर्तुळातून पुढे आली. संपूर्ण भूल देण्याची साधने नसलेल्या रुग्णालयासाठी तिचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

दूरस्थ मार्गदर्शन :

अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात भारतीय वंशाचे यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘इको’ प्रकल्प सुरू केला. दूरच्या गावांतील डॉक्टर ठरावीक वेळी दृक्‌श्राव्य माध्यमातून एकत्र येत, आपापले रुग्ण मांडत, तज्ज्ञ व इतर सहकारी चर्चा करत. रुग्ण गावातील डॉक्टरकडेच राहत असे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४०७ हिपॅटायटिस-सी रुग्णांच्या अभ्यासात विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के, तर या जाळ्यातील केंद्रांत ५८.२ टक्के रुग्णांत विषाणू नाहीसा झाल्याचे आढळले. भारतात नोव्हेंबर २०१९ पासून ई-संजीवनी सेवा उपलब्ध आहे. परंतु तिची रचना प्रामुख्याने एका रुग्णाला एक सल्ला देण्याची आहे. सल्ला मिळाला की प्रकरण संपते. त्याच त्या डॉक्टरांच्या गटात महिनोन्‌महिने चालणाऱ्या चर्चेतून जे शिक्षण घडते, ते त्यातून घडत नाही.

गोंदियातील शक्यता :

गोंदिया येथे २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय व बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय त्याच्याशी जोडली गेली. त्यामुळे जिल्ह्यात प्रथमच अध्यापक-तज्ज्ञांचा वर्ग निर्माण झाला. भारतीय वैद्यक परिषदेने सप्टेंबर २०२० मध्ये पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी तीन महिन्यांचे जिल्हा निवासी प्रशिक्षण अनिवार्य केले. या योजनेकडे सामान्यतः मनुष्यबळाची तात्पुरती सोय म्हणून पाहिले जाते. वस्तुतः तिचा अधिक मोलाचा परिणाम जिल्ह्यातील कायम तज्ज्ञावर होऊ शकतो. शिकवावे लागते म्हणून तो वाचतो, आणि मदतीचे हात मिळाले की थांबलेल्या शस्त्रक्रियाही सुरू करता येतात.

उलट दिशेची सोय मात्र झालेली नाही. देवरीच्या स्त्रीरोगतज्ज्ञाने वर्षातून पंधरा दिवस गोंदियाच्या प्रसूतिगृहात काम करावे आणि त्या काळात महाविद्यालयातील अध्यापकाने देवरीस राहावे, ही व्यवस्था खर्चिक नाही. फारसे नवे बांधकाम वा यंत्रही तिला लागत नाही. अडचण प्रशासकीय आहे. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत, तर महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. एका विभागाच्या डॉक्टरने दुसऱ्याच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया केली व काही विपरीत घडले, तर जबाबदारी कोणाची? त्याची हजेरी कोण घेणार आणि प्रवासभत्ता कोण मंजूर करणार? या प्रश्नांची लेखी उत्तरे ठरल्याखेरीज जिल्हा शल्यचिकित्सक आणि अधिष्ठाता यांनी मनात आणले तरी अशी अदलाबदल त्यांना सुरू करता येणार नाही.