जबड्यातील गाठ आणि क्ष-किरणांची साक्ष

"दात हलतो आहे, काढून टाका," असा आग्रह धरणारे रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात. दात हलण्यामागे बहुधा हिरडीचा विकार असतो; परंतु क्वचित जबड्याच्या हाडातील अर्बुदही याच साध्या रूपाने प्रथम प्रकट होते. म्हणून दात काढण्यापूर्वी क्ष-किरण छायाचित्र का घ्यावे, याविषयी आपल्या मंडळातील डॉक्टरमित्र व सभासदांसाठी हे चार शब्द.

रंटगेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला आणि जानेवारी १८९६ मध्येच जर्मनीतील ओटो वाल्खॉफ यांनी स्वतःच्या दातांचे छायाचित्र घेतले. त्यासाठी त्यांना २५ मिनिटे स्थिर राहावे लागले. आज ओपीजी यंत्र काही सेकंदांत दोन्ही जबडे एका चित्रात दाखवते. तोंडात ठेवायच्या छोट्या फिल्मवर तीन-चारच दात दिसतात. काळ्या छायेची कड तिच्याबाहेर जात असल्यास ओपीजी अवश्य काढावा.

छाया वाचताना मी प्रथम तिची कड पाहतो. रेखीव, पांढऱ्या रेषेने वेढलेली छाया बहुधा सावकाश वाढणाऱ्या विकाराची असते. कुरतडल्यासारखी, अस्पष्ट कड कर्करोग किंवा हाडातील जंतुसंसर्ग सुचवते. न उगवलेल्या अक्कलदाढेच्या माथ्याभोवतीची छाया बहुधा डेंटिजेरस सिस्टची असते. खालच्या जबड्याच्या मागील भागात साबणाच्या फेसासारखे कप्पे दिसले आणि दातांची मुळे झिजलेली आढळली, तर अमेलोब्लास्टोमाचा संशय घ्यावा. हे अर्बुद सहसा शरीरात इतरत्र पसरत नाही. मात्र फारशा वेदनेवाचून वर्षानुवर्षे हाड पोखरत राहते. निदानास जितका उशीर, तितका जबड्याचा मोठा भाग गमवावा लागतो.

तरीही छाया म्हणजे निदान नव्हे. केराटोसिस्ट चित्रात अमेलोब्लास्टोमासारखाच दिसू शकतो. त्याला जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये अर्बुद ठरवले व २०१७ मध्ये पुन्हा सिस्टमध्ये गणले! अंतिम निर्णय बायॉप्सीचाच. शिवाय हाडातील बराच खनिजांश गेल्याखेरीज छाया उमटत नाही. म्हणून निर्दोष चित्रावर विसंबून खालच्या ओठाच्या बधिरतेकडे किंवा तीन आठवड्यांत न भरणाऱ्या व्रणाकडे दुर्लक्ष करू नये. तंबाखू वा गुटखा खाणाऱ्यांनी तर मुळीच नाही. तारनाक्याहून अफझलगंजचे शासकीय दंत महाविद्यालय किंवा रेड हिल्सची एम. एन. जे. कर्करोग संस्था काही दूर नाही.

सभासदांना एकच विनंती : जुनी छायाचित्रे टाकून देऊ नका. छाया नवी की जुनी, स्थिर की वाढती, हे त्यांच्याशी ताडूनच आम्हांस कळते.