बिचारा सुधाकर?

परवा हळदीकुंकवाला जमलो होतो. बोलता बोलता 'एकच प्याला'चा विषय निघाला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "बिचारा सुधाकर! माणूस सोन्यासारखा, पण दारूनं घात केला हो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र ते 'बिचारा' खटकलं. घरी आल्यावर बी.ए.च्या वेळचं जुनं पुस्तक काढलं आणि रात्री जागून पुन्हा वाचलं.

राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले. पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीनं हे नाटक रंगभूमीवर आणलं. बालगंधर्वांची सिंधू पाहून आपल्या आज्या-पणज्यांनी डोळ्याला पदर लावला. पण सिंधूसाठी रडता रडता सुधाकरला जाब विचारायचा राहूनच गेला, असं मला वाटतं.

सुधाकर हुशार वकील. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळापुरती जाते आणि हा अपमान त्याला सोसवत नाही. तळीराम पेला पुढे करतो. तळीराम वाईट खराच, पण पेला घेणारा हात कुणाचा? अपमान कुणाच्या वाट्याला येत नाहीत? त्याच घरात श्रीमंत माहेरची सिंधू दळणं दळून संसार रेटत होती. तिनं दुःख विसरायला काय घ्यायचं होतं?

सुधाकर अडाणी नाही, हे तर मला सगळ्यात जास्त बोचतं. दारू माणसाला पायरी पायरीनं कशी खाली नेते, हे तो स्वतःच रामलालला समजावून सांगतो. सगळं कळतं, वळत मात्र नाही. मध्ये एकदा सोडतोसुद्धा. काम मागायला जातो, जुने ओळखीचे टाकून बोलतात, की हा परत पेल्याकडे! जखम तीच, औषधही तेच.

इथे मात्र मी थोडी थांबते. व्यसन हा आजार आहे, नुसत्या निश्चयानं सुटत नाही, हे आज डॉक्टर सांगतात. सुधाकरच्या काळी कुठलं व्यसनमुक्ती केंद्र? पुण्याचं मुक्तांगण सुरू झालं १९८६ मध्ये. म्हणजे तो आजारी होता, कबूल. पण 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'मध्येही आपण कुणाकुणाला दुखावलं याची यादी करून शक्य तिथे भरपाई करायला सांगतात. आजारी माणसाची जबाबदारी संपत नाही ती अशी.

सुधाकरची यादी केवढी झाली असती! नशेत त्याच्या काठीनं तान्हं मूल गेलं, सिंधू गेली. आणि मरता मरता ती पोलिसांना काय सांगते? आपण पडलो म्हणून! नवऱ्याला वाचवते. शेवटी तो दारूतच विष घालून पितो. लोक याला प्रायश्चित्त म्हणतात. मला तर तेही पळणंच वाटतं, पुन्हा पेल्यातूनच.

वहिनींना हे सगळं सांगायचं ठरवलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी मंडळात एक बाई आली. डोळ्याखाली काळंनिळं. म्हणाली, "मोरीत पाय घसरला, ताई." मी तिला बसवलं, चहा दिला. दोन घोट झाल्यावर हळूच विचारलं, "घसरलं कोण, ते सांग बघू."