केविन घरी राहिलाच कसा?

नाताळ जवळ आला की ‘होम अलोन’ पुन्हा लागतो आणि त्याच्याबरोबर जुने आक्षेपही परततात. पोटच्या पोराला घरी विसरून आईबाप पॅरिसला जातातच कसे? फोन का करत नाहीत? १९९०च्या या चित्रपटात कच्चे दुवे आहेत, पण बहुतेक जण बोट ठेवतात तिथे ते नाहीत. पटकथाकार जॉन ह्यूज यांनी सुरुवातीच्या प्रसंगांत किती बारकाईने विणकाम केलं आहे, हे लक्षात न घेताच हा चित्रपट बिनडोक ठरवला जातो. मला हा अन्याय वाटतो.

सगळ्यात मोठा गैरसमज हा, की घरी राहिलेल्या त्या पोराला, केविनला, कोणी मोजलंच नाही. मोजलं होतं. रात्री वाऱ्याने फांदी तुटून विजेच्या तारांवर पडते, वीज जाते आणि गजर वाजत नाहीत. घरात पंधरा माणसं, त्यांतली अकरा मुलं. सकाळी धावपळ उडते आणि मुलांची मोजदाद मोठ्या चुलत बहिणीवर, हेदरवर, येते. त्याच वेळी शेजारचा मिच मर्फी नावाचा मुलगा व्हॅनमधल्या सामानात डोकं खुपसून बसलेला असतो. हेदर त्यालाही मोजते आणि आकडा बरोबर अकरा भरतो. केविन तर आदल्या रात्रीच्या भांडणाची शिक्षा म्हणून माळ्यावरच्या खोलीत झोपलेला. बरं, दोन व्हॅन असल्यामुळे प्रत्येकाला वाटतं, तो दुसऱ्या गाडीत असेल. लग्नाच्या वऱ्हाडात पोरं मोजायची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्याला यात काहीही अशक्य वाटणार नाही.

‘पण विमानतळावर एक तिकीट उरलंच असतं ना!’ नसतं उरलं. आदल्या रात्री स्वयंपाकघरात दूध सांडतं, केविनचे वडील ओले नॅपकिन गोळा करून कचऱ्यात टाकतात आणि त्यांच्याबरोबर केविनचं तिकीटही जातं. त्यामुळे दारावर जितकी माणसं पोचतात, तितकीच तिकिटं दिली जातात. पुढे मोठी माणसं पहिल्या वर्गात बसतात आणि मुलं मागे. म्हणून आईच्या लक्षात येईपर्यंत विमान समुद्रावर असतं. माझ्या मते पटकथेतला सगळ्यात हुशार धागा हाच आहे.

फोनचंही तसंच. वीज दुरुस्त करायला आलेला माणूस सकाळीच सांगतो, की टेलिफोनच्या तारा सुरू व्हायला काही दिवस लागतील. पॅरिसला उतरल्या उतरल्या आई पोलिसांना फोन करते, बाकीचे ओळखीपाळखीच्यांना लावतात, पण सुट्टीमुळे कोणी घरी नसतं. पोलीस घरापर्यंत येतोदेखील. केविन घाबरून पलंगाखाली लपलेला असल्यामुळे दार उघडत नाही आणि पोलीस परत जातो.

मग केविन स्वतः पोलिसांकडे का जात नाही? आठ वर्षांच्या मुलाच्या नजरेने बघा. दुकानात तो घाबरून टूथब्रशचे पैसे न देता पळालेला आहे आणि पोलीस त्याच्या मागे लागला आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, निघण्याच्या आदल्या रात्री पोलिसाच्या गणवेशात घरी आलेला माणूस म्हणजेच चोर हॅरी. त्याचा सोन्याचा दात नंतर चमकतो, तेव्हा केविन त्याला ओळखतो. ज्याला गणवेशातच चोर दिसला, त्याने गणवेशावर विश्वास का ठेवावा?

इतक्या लोकांच्या पॅरिसवारीचा खर्च ऐकून केविनच्या वडिलांच्या कमाईवर शंका घेतली जाते. ती सहल पॅरिसला बदली झालेल्या काकाने दिलेली आहे, हे आई स्वतःच त्या खोट्या पोलिसाला सांगते. चित्रपटाबद्दलच्या इतर समजुतीही अशाच. केविन बघतो तो जुना काळा-पांढरा गुंडपटही खरा नव्हे, तो याच चित्रपटासाठी मुद्दाम चित्रित केला होता. विमानतळावर आईच्या मागे उभा असलेला दाढीवाला म्हणजे एल्विस प्रेस्ली, ही तर निव्वळ अफवा. एल्विसचं निधन १९७७ साली झालं.

आता खरे दोष. फोन बंद असताना केविनकडे पिझ्झा येतो कसा? घरबसल्या फोनवरच मागवला असणार, आणि तिथे गाठ सुटते. फक्त परदेशचे फोन बंद होते, असा बचाव चाहते करतात, पण चित्रपट तसं कुठेच सांगत नाही. दुसरा दोष केविनने चोरांसाठी लावलेल्या सापळ्यांतला, हॅरीचा हात भाजवणाऱ्या दाराच्या मुठीचा. धातू लालभडक दिसायला साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापावा लागतो, आणि लाकूड त्याच्या बरंच आधी पेट घेतं. म्हणजे मूठ लाल व्हायच्या आत दारच जळायला हवं होतं. कपडे टाकायच्या नळीतून हॅरीच्या साथीदाराच्या, मार्व्हच्या, तोंडावर पडणारी इस्त्री घ्या. पडण्याची उंची साडेचार मीटर धरली, तर तिचा वेग ताशी सुमारे ३४ किलोमीटर भरतो. एवढ्या वेगाने लोखंड चेहऱ्यावर आदळल्यावर माणूस उठून जिना चढत नाही, थेट इस्पितळात जातो. घरात लहान मुलं हा चित्रपट बघत असतील, तर एवढं त्यांना जरूर सांगा.

आणि या डिसेंबरात चित्रपट लावाल, तेव्हा दूध सांडतं त्या प्रसंगात भांडणाकडे बघू नका. कचऱ्याच्या डब्याकडे बघा.