‘आकाश’ : सात इंचांची सरकारी पाटी

नैयायिकांच्या मतें आकाशाचा विशेष गुण शब्द. पृथ्वीला गंध, तेजाला रूप, वायूला स्पर्श आणि आकाशाच्या वांट्याला केवळ शब्द. 5 ऑक्टोबर 2011 या दिवशीं दिल्लींत भारत सरकारनें विद्यार्थ्यांसाठीं ज्या लहानशा टॅब्लेट संगणकाचें प्रकाशन केलें, त्याचें नांव ‘आकाश’ ठेवणाऱ्यांच्या मनांत तर्कशास्त्रांतील हा सिद्धांत खचित नसावा. पण त्या वस्तूभोंवतीं पुढें जो शब्द झाला, तो पाहतां नांव अगदींच अन्वर्थक ठरलें असें म्हणावें लागतें. जगांतील सर्वांत स्वस्त टॅब्लेट म्हणून देशोदेशींच्या वर्तमानपत्रांनीं त्याचे गोडवे गाइले आणि वर्षभराच्या आंत त्याच पत्रांनीं त्याची टिंगलहि केली. आज तो गलबला पार शमला आहे. अशा वेळीं ही वस्तु होती तरी कशी, आणि तिचें झालें काय, हें शांतपणें पाहण्यास हरकत नाहीं.

मुलाच्या हातांत मावेल असा संगणक असावा, ही कल्पना अमेरिकेंतील अॅलन के या शास्त्रज्ञाची. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनमंदिरांत असतांना 1972 सालीं त्यांनीं एक निबंध लिहिला व वहीएवढ्या आकाराच्या, चार पौंडांहून कमी वजनाच्या ‘डायनाबुक’ची रूपरेषा मांडली. संगणक म्हणजे मोठमोठीं कपाटें, असा तो काळ. पुढें 2005 सालीं मॅसॅच्युसेट्सच्या निकोलस नेग्रोपाँटी यांनीं गरीब देशांतील प्रत्येक मुलास 100 डॉलरांचा लॅपटॉप देण्याची घोषणा केली. आपल्या शिक्षणखात्यानें 2006 सालीं ती योजना नाकारली. तो लॅपटॉप प्रत्यक्ष बाजारांत आला तेव्हां किंमत 200 डॉलरांच्या आसपास गेली, तेव्हां नाकारण्यांत फारसें चुकलें असें नाहीं. मात्र त्याहून स्वस्त वस्तु आपण स्वतःच करूं, अशी एक ईर्ष्या यांतून खात्यांत निर्माण झाली. फेब्रुवारी 2009 मध्यें तिरुपति येथें 10 डॉलरांचा ‘लॅपटॉप’ म्हणून जें दाखविण्यांत आलें, तें केवळ माहिती सांठविण्याचें उपकरण निघालें. त्याला ना पडदा, ना अक्षरफलक. लोक हंसले. तरी 22 जुलै 2010 रोजीं मंत्री कपिल सिब्बल यांनीं 35 डॉलरांच्या टॅब्लेटचा नमुना पत्रकारांपुढें धरला आणि किंमत हळूहळू 10 डॉलरांपर्यंत उतरेल, अशी आशाहि बोलून दाखविली.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. वस्तु कशी असावी हें ठरवून मग तिची किंमत काढणें, हा नेहमींचा क्रम. येथें आधीं किंमत ठरली आणि त्या किमतींत जें बसेल ती वस्तु, असा उलटा प्रकार झाला. कापडाचा तुकडा आधीं हातीं घेऊन मग त्यांत अंगरखा बसवूं पाहणाऱ्या शिंप्यासारखी ही स्थिति. अंगरखा होतो, पण बाह्या आंखूड राहतात. ‘आकाश’च्या बाह्या कोठें कोठें आंखूड राहिल्या, तें आतां पाहूं.

यंत्र 7 इंचांचें होतें. हे इंच पडद्याच्या एका कोंपऱ्यापासून समोरच्या कोंपऱ्यापर्यंत मोजतात. म्हणजे ही लांबी नव्हे, रुंदीहि नव्हे, तर कर्ण होय. पडद्यावर आडवे 800 व उभे 480 बिंदु, म्हणजे बाजूंचें प्रमाण 5 : 3. भुज-कोटि-कर्णाचा हिशेब ज्यांच्या अंगवळणीं पडला आहे, त्यांनीं तो करून पाहावा: 7 इंच कर्णाला लांबी बरोबर 6 इंच व रुंदी सुमारें 3.6 इंच निघते. आपल्या जुन्या पाटीच्या निम्म्याहूनहि लहान. वजन 350 ग्रॅम, म्हणजे सुमारें 30 तोळे. एका हातांत धरून दुसऱ्या हातानें लिहावें, इतकें हलकें. आकारमान व भार या दोन बाबतींत विद्यार्थ्याच्या पिशवीचा विचार उत्तम झाला होता, हें कबूल केलें पाहिजे. एका इंचांत सुमारें 133 बिंदु बसत. अक्षर वाचतां येई, पण बारीक टाइपाच्या पुस्तकाचें पान जसेंच्या तसें समोर ठेवल्यास डोळे ताणावे लागत.

खरी अडचण स्पर्शाची. टॅब्लेटचे पडदे मुख्यतः दोन जातींचे असतात. एका जातींत दोन पातळ, वीजवाहक थर एकमेकांपासून किंचित् अंतरावर ठेवलेले असतात. बोटानें दाबलें कीं वरचा थर खालच्यास टेकतो आणि कोठें टेकला तें यंत्राला कळतें. यांत काम दाबाचें. बोट असो, पेन्सिलीचें टोंक असो, नख असो, सारखेंच. दुसऱ्या जातींत कांचेवर विजेचें सूक्ष्म क्षेत्र पसरलेलें असतें व बोट नुसतें टेकलें तरी त्यांत फरक पडतो. तेथें दाबावें लागत नाहीं, आणि दोन बोटें एकाच वेळीं ठेवून चित्र मोठें-लहानहि करतां येतें. पहिली जात स्वस्त, दुसरी महाग. ‘आकाश’ला अर्थातच पहिली मिळाली. आजूबाजूला लोकांनीं दुसऱ्या जातीचे पडदे पाहिलेले असल्यामुळें, पडद्यावर बोट फिरवलें तरी पान हलेना म्हणून मुलें तें दाबदाबून हैराण झालीं. स्पर्श हा मुळीं वायूचा गुण, तो आकाशाकडून मागावा लागला, असें एखादा शास्त्रीबुवा म्हणाला असता!

आंतील मेंदूची गति 366 मेगाहर्ट्झ, तात्पुरती स्मृति 256 मेगाबाइट आणि कायमची सांठवण 2 गिगाबाइट. आकडे नुसते वाचून बोध व्हावयाचा नाहीं. एवढेंच सांगतों कीं त्या सालीं बाजारांत मिळणाऱ्या चांगल्या टॅब्लेटांची गति याच्या दुप्पट-तिप्पट होती. वीजघट सुमारें तीन तासांत संपे. ज्या खेड्यांतील विद्यार्थ्यासाठीं ही वस्तु, तेथें दिवसांतून किती तास वीज असते, हा प्रश्न कोणीं विचारला होता कीं नाहीं, कोण जाणे. इंटरनेट मिळे तें केवळ वाय-फायनें. तेंहि त्या काळीं खेड्यांत दुर्मिळच. आणि आम्हां भाषेच्या माणसांस खुपणारी बाब वेगळीच आहे. यंत्र चालविणारी अँड्रॉइड प्रणाली 2.2 या आवृत्तीची होती आणि त्या आवृत्तींत मुळांत देवनागरीची सोय नव्हती. जोडाक्षरें, वेलांट्या यांचा मेळ बसत नसे. भारतीय विद्यार्थ्यांच्या पाटीला भारतीय लिपीची अडचण असावी, यास काय म्हणावें?

मात्र दोषच सांगत बसणें न्यायाचें होणार नाहीं. हें यंत्र पुरविणारी डेटाविंड ही कंपनी सुनीत सिंग तुली व राजा सिंग तुली या बंधूंची. स्पर्शाचा पडदा त्यांनीं मॉंट्रिऑल येथें स्वतःच्या कारखान्यांत बनविला. सर्वांत महाग भाग घरींच केल्यामुळें किंमत उतरली. जुळवणी हैदराबादेंत झाली. शिवाय मंद गतीच्या जोडणीवरहि पानें लवकर यावींत म्हणून तीं आधीं आपल्या संगणकांवर आकुंचित करून मग धाडण्याची त्यांची एक युक्ति होती. ती खरोखर कल्पक म्हटली पाहिजे. सरकारला एक नग 2,276 रुपयांस पडला. त्या सुमारास नामांकित कंपन्यांचीं यंत्रें वीस-तीस हजारांना विकलीं जात. ती दरी पाहिली म्हणजे या उद्योगांतील साहस लक्षांत येतें.

पुढें मात्र तंटा उपस्थित झाला. खरेदीचें काम राजस्थानच्या, म्हणजे जोधपूर येथील आयआयटीकडे होतें. माल कसोटीस उतरत नाहीं, असें संस्थेचें म्हणणें. पावसांत व धक्क्यांत टिकण्याच्या ज्या कसोट्या लावल्या जात आहेत त्या अमेरिकन लष्करी सामानाच्या आहेत, असें कंपनीचें म्हणणें. दोन हजार रुपयांच्या पाटीनें लढाईवर जावयाचें नव्हतें हें खरें. पण शाळकरी मुलाचें दप्तर हेंहि कांहीं सौम्य स्थान नव्हे, हें तीस वर्षे मास्तरकी केलेला मनुष्य सांगूं शकेल. अखेर 2012 सालीं हें काम मुंबईच्या आयआयटीकडे आलें आणि पवईस प्राध्यापक दीपक फाटक यांनीं त्याची धुरा घेतली.

येथून ‘आकाश’चा दुसरा अवतार सुरू होतो, आणि माझ्या मतें तोच अधिक विचार करण्याजोगा आहे. 11 नोव्हेंबर 2012 रोजीं, मौलाना आझाद यांच्या जयंतीच्या दिवशीं, राष्ट्रपति प्रणव मुखर्जी यांच्या हस्तें ‘आकाश 2’चें प्रकाशन झालें, त्याच महिन्याच्या 28 तारखेस न्यूयॉर्क येथें संयुक्त राष्ट्रसंघांतहि तें दाखविण्यांत आलें. पडदा आतां दुसऱ्या जातीचा झाला. गति 1 गिगाहर्ट्झ, स्मृति दुप्पट, सांठवण दुप्पट, अँड्रॉइड 4.0. किंमत जवळजवळ तीच, 2,263 रुपये. त्यांतून सरकारी साहाय्य वजा जातां विद्यार्थ्यास 1,130 रुपये. वर्षभरांत एवढी सुधारणा त्याच पैशांत झाली, यावरून पहिल्या वेळीं झालेली घाई किती महाग पडली, याचा अंदाज यावा. याच सुमारास यंत्रांचे बरेच भाग चीनमधून आल्याच्या बातम्या छापून आल्या व पुन्हा गदारोळ झाला. वास्तविक हल्लींच्या काळांत कोणत्या टॅब्लेटचे भाग तेथून येत नाहींत? पण ‘स्वदेशी’ हा शब्द एकदां मोठ्यानें उच्चारला म्हणजे त्याचा हिशेबहि द्यावा लागतो.

पवईच्या मंडळींचें वैशिष्ट्य असें कीं त्यांनीं नुसतें यंत्र न वांटतां अध्यापकांना हातीं धरलें. दूरदृश्य व्यवस्थेनें ठिकठिकाणच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील हजारों शिक्षकांसाठीं एकाच वेळीं वर्ग भरविले आणि वर्गांत ही पाटी कशी वापरावी, याचा वस्तुपाठ दिला. विद्यार्थ्यांनीं सी, पायथन वगैरे संगणकभाषांत आज्ञावली तिच्यावरच लिहावी व चालवून पाहावी, अशी सोय केली. माझा एक पुतण्या तेव्हां अशाच एका महाविद्यालयांत नवखा अध्यापक होता. दिवाळीनंतर तो घरीं आला तेव्हां त्याच्याजवळ ‘आकाश 2’ होतें. घरांतील सगळीं पोरें त्याच्याभोंवतीं गोळा झालीं. सातवींतल्या पुतणीला त्यानें चार ओळींची आज्ञावली लिहून 29 चा पाढा पडद्यावर झरझर उमटवून दाखविला. मी तिला हळूच विचारलें, “एकोणतीस सत्तें?” ती क्षणभर थबकली, आणि मग म्हणाली, “काका, पाढा येत नाहीं. पण तो करवून कसा घ्यावा तें आतां येतें. आतां मी सदतीसचा करूं?” आणि तिनें तो केलाहि. पाढे पाठ असावेत या माझ्या मतांत आजहि बदल नाहीं. परंतु मुलगी ज्या आवेशानें दुसऱ्या आकड्याकडे वळली, तो आवेश पाठांतराच्या तासाला मला क्वचितच दिसला होता, हेंहि नमूद करणें प्राप्त आहे.

एवढें असून योजना पुढें गेली नाहीं. पहिली मागणी होती एक लाख नगांची आणि त्या वेळीं देशांत उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी अडीच कोटींहून अधिक. म्हणजे अडीचशें मुलांत एक पाटी. पुढील लाखों नगांच्या निविदांच्या गोष्टी बऱ्याच झाल्या. परंतु खात्याचे मंत्री बदलले आणि नवे मंत्री पल्लम राजू यांनीं 2013 च्या मार्चांत यंत्राच्या मागें इतकें लागण्याचें कारण नाहीं, अशा आशयाचे उद्गार काढले. वाऱ्याची दिशा तेव्हांच समजली. 2014 नंतर ‘आकाश’चें नांवहि सरकारी कागदांतून मावळलें.

अपयश कोणाचें, याविषयीं निरनिराळीं मतें आहेत. कोणी ठेकेदारास दोष देतात, कोणी संस्थेस, कोणी मंत्र्यांच्या घाईस. मला वाटतें, पाटी आधीं आली आणि धडा मागून, हें मूळ दुखणें. आमच्या लहानपणीं पाटी आली तेव्हां अंकलिपी सोबतच आली होती. इकडे मात्र टॅब्लेटची किंमत दर पत्रकांत छापून येई. त्यावर कोणत्या इयत्तेचा, कोणत्या भाषेंतला, कोणता विषय शिकवावयाचा, ही माहिती शोधावी लागे.

त्यानंतरचीं वर्षे या बाबतींत मोठीं बोधप्रद गेलीं. मार्च 2020 मध्यें महामारीमुळें शाळा एकाएकीं बंद पडल्या, तेव्हां शिक्षण चाललें तें टॅब्लेटवर नव्हे, तर बापाच्या किंवा आईच्या मोबाइलवर. तीन भावंडांत एक मोबाइल, तोहि बाप कामावर गेला कीं त्याच्याबरोबर जाणार, अशीं घरें आम्हीं आमच्याच गल्लींत पाहिलीं. धडे मात्र या वेळीं तयार होते: बालभारतीचीं पुस्तकें संगणकावर विनामूल्य मिळत होतीं आणि त्यांतील चौकोनी संकेतचिन्हांवरून ‘दीक्षा’वरील धडे उघडतां येत. दहा वर्षांपूर्वीं पाटी होती तर धडा नव्हता. आतां धडा होता तर पाटी अपुरी पडली.

‘आकाश’साठीं पवईस जें काम झालें, तें मात्र सर्वस्वीं वायां गेलें नाहीं. संगणकविद्या घरबसल्या शिकविणारे ‘स्पोकन ट्युटोरियल’ हे पाठ त्याच आयआयटीनें तयार केले आहेत. ते कोणासहि फुकट पाहतां येतात. त्यांत सी आहे, पायथन आहे, आणि त्यांतील अनेक पाठांचें निवेदन मराठींतहि आहे. ज्या घरांत नववी-दहावीचीं मुलें आहेत व एखादा जुना टॅब्लेट कपाटांत पडून आहे, त्यांनीं तो पुसून, वीज भरून, हे पाठ त्यावर चालतात का तें एकदां पाहावें.