जमीन 'अ‍ॅक्वायर' झाली की गेली?

इंग्रजी बातमीत 'अ‍ॅक्वायर' हे क्रियापद एकदम भारदस्त वाटतं. एक कंपनी दुसरी कंपनी अ‍ॅक्वायर करते, सरकार जमीन अ‍ॅक्वायर करतं. मराठीत 'संपादित'. पण भिगवणला विचारा. उजनीच्या पाण्याखाली रान गेलेली माणसं साधं बोलतात : "जमीन धरणात गेली."

फरक शब्दापुरता नाही. १८९४च्या भूसंपादन कायद्यात सरकारी कामासाठी मालकाची संमती लागतच नव्हती. केंद्राच्या २०१३च्या कायद्याने खासगी कंपनीसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांच्या संमतीची अट आणली. सरकारी धरणाला ती नाही.

म्हणून दोस्तांनो, 'अ‍ॅक्वायर' खुशाल लिहा. फक्त पुढच्याच वाक्यात सांगा : कुणाची, किती आणि कशाच्या बदल्यात?