पायवाट कोणाच्या मालकीची?

केंब्रिज शहराच्या नैऋत्येला न्यूनम नावाची वस्ती आहे. तेथील घरांची रांग संपते तेथे कॅम नदीच्या काठची कुरणे सुरू होतात. या कुरणांतून जाणारी वाट ग्रँटचेस्टर या लहानशा खेड्यात पोहोचते. विद्यार्थी, प्राध्यापक, निवृत्त मंडळी, कुत्र्याला घेऊन निघालेले रहिवासी अशा सर्वांचीच येथे वर्दळ असते आणि त्यात धावणाऱ्यांची संख्या मोठी असते. कुरणांची जमीन मात्र सरकारी नाही. ती बव्हंशी किंग्ज कॉलेजची मालमत्ता आहे. तरीही येथे तिकीट नाही, पहारेकरी नाही आणि धावणाऱ्याला कोणाची परवानगीही काढावी लागत नाही. दुसऱ्याच्या जमिनीतून इतक्या निर्धास्तपणे धावता कसे येते, याचे उत्तर इंग्लंडच्या कायद्यात आहे.

केंब्रिज हे नाव मराठी वाचकाला परके नाही. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये येथेच सीनियर रँग्लर झाले आणि जयंत नारळीकरांचे संशोधनही येथेच आकाराला आले. ग्रँटचेस्टरची ख्याती निराळ्या कारणाने आहे. रूपर्ट ब्रूक या कवीने १९१२ मध्ये बर्लिनमध्ये असताना या गावाच्या आठवणीने कविता लिहिली आणि हे खेडे इंग्रजी साहित्यात अजरामर झाले. तेथील ऑर्चर्ड या बागेत फळझाडांखाली बसून चहा घेण्याची प्रथा १८९७ पासून चालत आली आहे. धावून आलेली पावलेही बहुधा तिकडेच वळतात.

येथे धावण्याची सर्वांत सरळ वाट म्हणजे न्यूनमहून कुरणातल्या पक्क्या वाटेने गावात जाणे आणि त्याच वाटेने परतणे. ज्यांना अधिक पल्ला हवा असेल त्यांनी लॅमस लँड या उद्यानापासून निघावे. उद्यानाला लागूनच पॅरडाइज हे नगर परिषदेचे निसर्गराखीव क्षेत्र आहे. विलोच्या झाडांची ही दलदलीतली राई नदीला अगदी चिकटून असून ओल्या भागात लाकडी फळ्यांची वाट केलेली आहे. पावसानंतर या फळ्या फार निसरड्या होतात, तेव्हा येथे वेग न धरलेलाच बरा. पुढे वस्तीतून कुरणे आणि कुरणांतून ग्रँटचेस्टरचे चर्च. चर्चनंतर रस्त्याने नदी ओलांडली की उजव्या हाताला बायरन्स पूलची झाडी लागते. ट्रिनिटी कॉलेजात शिकत असताना कवी बायरन येथे पोहत असे, असे सांगितले जाते. नदीवर येथे बंधारा असून त्याच्या वरच्या बाजूला पाणी संथ व गडद दिसते. या झाडीला लागून ट्रम्पिंग्टन मेडोज हे विस्तीर्ण निसर्गउद्यान आहे. तेथून ट्रम्पिंग्टन गाव आणि मग शहराकडे परत. ही सगळी फेरी साधारण नऊ ते दहा किलोमीटरची होते.

ट्रम्पिंग्टनहून परतताना मोटारींच्या रस्त्याकडेने धावण्याऐवजी २०११ मध्ये सुरू झालेल्या बसमार्गालगतची सायकलवाट धरता येते. ती रेल्वे स्थानकाच्या दिशेने जाते. एकसुरी आहे, पण सपाट आहे.

या एकाच फेरीत धावणाऱ्याच्या पायाखालून तीन तऱ्हेच्या जमिनी जातात. पॅरडाइज आणि बायरन्स पूल ही नगर परिषदेने जपलेली राखीव क्षेत्रे. ट्रम्पिंग्टन मेडोजचे उद्यान शेजारच्या नव्या गृहवसाहतीबरोबर निर्माण झाले आणि त्याची देखभाल वन्यजीव संरक्षणाचे काम करणारी एक स्वयंसेवी संस्था करते. या दोन्ही ठिकाणी जमीन सांभाळणाऱ्यानेच लोकांना आत घेतले आहे. कुरणांतली वाट तशी नाही. ती सार्वजनिक पायवाट आहे आणि ती मालकाच्या मर्जीवर अवलंबून नाही.

इंग्लंड व वेल्समध्ये अशा सार्वजनिक वाटांचे जाळे सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरचे आहे. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याच्या प्रशासनावर वाटांचे सर्वेक्षण करून हक्कनोंदीचा नकाशा तयार करण्याची जबाबदारी टाकली. या नकाशावर एकदा पायवाटेची रेघ उमटली की ती वाट अस्तित्वात असल्याचा तो अंतिम पुरावा मानला जातो. जमीन विकली गेली, मालक बदलला, तरी रेघ कायम राहते. लोक खरेदी करतात त्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या एक्सप्लोरर नकाशांवर या वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. केंब्रिजचा पत्रक क्रमांक २०९ आहे. प्रत्यक्ष जागेवर पिवळा बाण म्हणजे केवळ पायी जाण्याची वाट आणि निळा बाण म्हणजे घोडेस्वार व सायकलस्वारांनाही खुली असलेली वाट. धावणे हेही कायद्याच्या दृष्टीने पायी जाणेच.

शेतकऱ्यावर बंधनेही बारकाईने घातलेली आहेत. शेताच्या बांधालगतची वाट त्याला नांगरता येत नाही. शेताच्या मधून जाणारी पायवाट नांगरली, तर पेरणीच्या त्या पहिल्या मशागतीनंतर चौदा दिवसांत आणि त्यापुढच्या प्रत्येक खेपेस चोवीस तासांत किमान एक मीटर रुंदीची वाट पुन्हा मोकळी करून द्यावी लागते. दुभत्या जातीचा दहा महिन्यांहून मोठा वळू वाट असलेल्या शेतात मोकळा सोडण्यास १९८१ च्या कायद्याने मनाई आहे. ही तरतूद वाचून हसू येईल, पण ग्रँटचेस्टरच्या कुरणांतही उन्हाळ्यात गुरे चरत असतात आणि धावणाऱ्याला त्यांच्या मधून जावे लागते. अशा वेळी धावणे थांबवून, गाय आणि तिचे वासरू यांच्या मधून न जाता, लांबून चालत पुढे सरकणे हेच शहाणपणाचे.

नकाशावर रेघ नसली तरी हक्क मिळू शकतो. १९८० च्या महामार्ग कायद्यानुसार एखादी वाट लोकांनी उघडपणे, बळजबरी न करता आणि परवानगी न मागता सलग वीस वर्षे वापरली, तर मालकाने ती जनतेला वाहिली असे गृहीत धरले जाते. तसा आपला हेतू नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी मग मालकावर येते.

वीस वर्षांची ही मुदत आपल्याकडच्या वाचकालाही ओळखीची वाटेल. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ मध्येही वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीने दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा हक्क मिळतो. महाराष्ट्रात पाणंद अडवली तर शेतकरी मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागतो. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ताही मागतो. फरक आहे तो हक्कदार कोण या प्रश्नात. आपल्याकडे हा हक्क मुख्यतः शेताला चिकटलेला आहे. ज्याला आपल्या शेतात जायचे आहे त्याचा तो. इंग्लंडमधली पायवाट कुठल्याच शेताची नसते. तिच्यावरून जाणाऱ्याला कोठे पोहोचायचे आहे, हा प्रश्नच गैरलागू ठरतो. म्हणूनच केवळ धावण्यासाठी आलेला परदेशी विद्यार्थीही तिचा तेवढाच हक्कदार असतो. मुळशी किंवा कर्जतच्या परिसरात नदीकाठाने धावू पाहणाऱ्या शहरी मंडळींना कुंपण आडवे आले, तर त्यांच्या हाती असा कोणताही आधार नसतो.

हे हक्क इंग्रजांना आपसूक मिळालेले नाहीत. २४ एप्रिल १९३२ रोजी डर्बीशरमधल्या किंडर स्काउट या डोंगरावर शेकडो तरुण शिकारीसाठी राखलेल्या जमिनीत जाणूनबुजून घुसले आणि त्यांच्यापैकी पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ च्या कायद्यामागे ही चळवळ उभी होती. २००० साली आणखी एक कायदा झाला आणि डोंगर, माळ व झुडपी जमिनींवर वाट सोडूनही हिंडण्याची मोकळीक मिळाली. पण ही मोकळीक इंग्लंडच्या जेमतेम आठ टक्के भूमीपुरती आहे. नदीकाठ आणि बहुतेक जंगले तिच्यात नाहीत. स्कॉटलंडने २००३ मध्ये जवळपास सर्वच मोकळ्या जमिनीवर व पाण्यावर जबाबदारीने वावरण्याचा हक्क दिला, इंग्लंडने दिला नाही. साहजिकच तेथे नदीकाठी वा राईत धावणाऱ्याची सगळी भिस्त त्या एका हिरव्या तुटक रेघेवर राहते. रेघेच्या दोन्ही बाजूंना तो परकाच असतो.

याचा प्रत्यय ग्रँटचेस्टरलाच आला. २०२१ च्या उन्हाळ्यात किंग्ज कॉलेजने सुरक्षिततेचे कारण देऊन कुरणांलगतच्या नदीत पोहण्यास मनाई केली. कित्येक पिढ्यांनी जेथे डुंबण्याचा आनंद घेतला, तेथे मनाईचे फलक लागलेले पाहून हजारो लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. कॉलेजला फेरविचार करणे भाग पडले. वाटेवरून धावणाऱ्यांना मात्र या वादाची झळ लागली नाही, कारण त्यांना अडवण्याचा अधिकार कॉलेजला मुळात नव्हताच.

नकाशावर न उमटलेल्या वाटांचे भवितव्य अधिक बिकट आहे. १९४९ पूर्वीच्या पण नोंद न झालेल्या वाटांवरचे हक्क १ जानेवारी २०२६ रोजी संपुष्टात यावेत, अशी तरतूद २००० च्या कायद्यात होती. रॅम्बलर्स या पदयात्रींच्या संघटनेने स्वयंसेवकांकरवी जुने व नवे नकाशे ताडून पाहिले, तेव्हा इंग्लंड व वेल्समध्ये अशा सुमारे ४९ हजार मैल वाटा गळाल्या असण्याची शक्यता २०२० मध्ये पुढे आली. सरकारने ही मुदत आधी २०३१ पर्यंत लांबवली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती रद्दच करण्याचा निर्णय जाहीर केला. मुदत नसली तरी पुरावा लागतोच. त्यासाठी धर्मकराचे जुने नकाशे आणि सामाईक जमिनींच्या वाटणीचे निवाडे अभिलेखागारांतून धुंडाळावे लागतात. हे काम बहुतांशी हौशी मंडळी विनामोबदला करतात.