अंगठीच्या आत काय लिहिलंय? जुन्या सोन्याचं वय आणि कर्ता कसा ओळखायचा

(एपिसोडचं लिखित रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त "अं" आणि "म्हणजे" थोडे कमी केलेत.)

इयरफोन लावलेत ना? आज घरात कुणाच्या बोटात किंवा कपाटाच्या डब्यात जुनी अंगठी असेल, तर ती जवळ घेऊन ऐका. आणि मोबाइलचा कॅमेरा तयार ठेवा.

सुरुवात आमच्याच घरापासून करतो. आजीकडे तिच्या आईची एक अंगठी आहे. साधं वेढणं, चार ग्रॅमचं. आजीचे वडील कोकणातले, बोटीवर इंजिनखान्यात कामाला होते, त्यांनी ती विलायतेहून आणलेली. गेल्या दिवाळीत ठरलं, की ही मोडायची आणि बहिणीसाठी चेन करायची. सराफाकडे गेलो. त्यांनी मशीनवर ठेवली आणि म्हणाले, "आजी, हे नऊ कॅरेट आहे. सोनं निम्मंसुद्धा नाही."

आजी काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाली, "आमच्या दादांना कुणीतरी फसवलं. नाहीतर दादांनी आईला."

ते ऐकून मोड राहिली बाजूला. अंगठी घरी आणली, टॉर्च लावला आणि आत बघितलं. आत चार-पाच बारीक शिक्के होते. ते कसे वाचायचे, तेच आज सांगतो.

आधी नीट फोटो काढा

अंगठी कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने धुवा. मोती किंवा चिकटवलेला खडा असेल तर भिजवू नका, ओल्या कपड्याने पुसा. पॉलिश तर अजिबात करू नका, शिक्के आणखी झिजतात. उजेड वरून न टाकता बाजूने टाका, म्हणजे खोलगट अक्षरांत सावली पडते आणि ती उठून दिसतात. फोनला मॅक्रो मोड नसेल तर सोनाराकडचं दहापट भिंग लेन्ससमोर धरा. आणि एकच फोटो काढून थांबू नका, अंगठी थोडी थोडी फिरवत पाच-सहा काढा.

ब्रिटिश अंगठी: चार शिक्के, चार उत्तरं

आमच्या अंगठीत एक 9 होता आणि शेजारी .375. हे झालं शुद्धतेचं उत्तर. 24 पैकी 9 भाग सोनं, म्हणजे हजारात 375. चार ग्रॅमच्या अंगठीत शुद्ध सोनं दीड ग्रॅम. आपल्याकडे 22 कॅरेटची सवय, त्यामुळे हे ऐकून धक्का बसतो. पण ब्रिटनमध्ये 9 कॅरेटला 1854 पासून कायद्याने मान्यता आहे, आणि साध्या माणसाची लग्नाची अंगठी तिथे सर्रास याच सोन्याची असते. थोडक्यात, आत स्पष्ट 9 कोरून विकलेली वस्तू ही फसवणूक नव्हे. दुकानदाराने जे सांगितलं तेच आत लिहिलेलं आहे.

हे आकडेही वय सांगतात बरं का. ब्रिटिश अंगठीत 15 आणि .625 दिसलं तर ती 1932 च्या आधीची, कारण त्या वर्षी तिथे 12 आणि 15 कॅरेट बंद करून त्याऐवजी 14 आणलं.

दुसरा शिक्का: नांगर. घरात सगळ्यांची पक्की समजूत, की हा बोटीच्या कंपनीचा बिल्ला. नाही! नांगर म्हणजे बर्मिंगहॅमची तपासणी कचेरी. गंमत अशी, की बर्मिंगहॅमला समुद्रच नाही. 1773 मध्ये बर्मिंगहॅम आणि शेफिल्ड या दोन शहरांना एकदमच तपासणी कचेरी मिळाली. त्यासाठी खटपट करणारी मंडळी लंडनमध्ये 'क्राउन अँड अँकर' नावाच्या खानावळीत भेटायची, म्हणून एकाने मुकुट घेतला आणि दुसऱ्याने नांगर, असा किस्सा सांगतात. लंडनची खूण बिबट्याचं तोंड, एडिंबराची किल्ला. 'हॉलमार्क' हा शब्दही लंडनचाच. तिथल्या सोनारांच्या संघाच्या हॉलमध्ये माल नेऊन शिक्का मारून घ्यायचा, म्हणून हॉलमार्क.

तिसरा शिक्का: एकटं इंग्रजी अक्षर. हे वर्षाचं. दरवर्षी अक्षर बदलायचं, आणि मुळाक्षरं संपली की अक्षराचं वळण बदलून पुन्हा ए पासून सुरुवात. इथे बरेच जण चुकतात, कारण तेच अक्षर दर पंचवीसेक वर्षांनी परत येतं. बर्मिंगहॅमचा छोट्या लिपीतला एन म्हणजे 1912, आणि मोठ्या लिपीतला एन म्हणजे 1937. प्रत्येक शहराचा तक्ताही वेगळा. म्हणून आधी शहर ओळखायचं, मग अक्षर, त्याचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार तक्त्याशी जुळवायचा. हे तक्ते ऑनलाइन फुकट मिळतात.

आमचा एन मोठा होता. त्या काळी बर्मिंगहॅममध्ये अक्षर जुलैत बदलायचं, त्यामुळे हा शिक्का जुलै 1937 ते जून 1938 मधला. लक्षात ठेवा, ही तपासणीची तारीख आहे, विक्रीची नाही. अंगठी दुकानात वर्षभर पडून राहिलेली असू शकते. पण त्याआधीची नक्की नाही.

चौथा शिक्का: चौकटीतली आद्याक्षरं. यावरून 'कोणी' ते कळतं, पण जपून. ज्याने माल तपासणीला पाठवला आणि जबाबदारी घेतली, त्याची ही नोंदवलेली खूण. तो स्वतः घडवणारा असेल, किंवा दुसऱ्याकडून घडवून घेणारा घाऊक व्यापारीही असेल. ठोकणाऱ्या कारागिराचं नाव बहुतेक वेळा कुठेच नसतं. आमच्या अंगठीतलं दुसरं अक्षर झिजलंय, त्यामुळे हा प्रश्न अर्धाच सुटला.

आणि आपल्याकडची अंगठी?

इथे मामला वेगळा. भारतात सोन्याचं सरकारी हॉलमार्किंग 2000 साली सुरू झालं. त्याआधीच्या अंगठीत फार तर पेढीचा शिक्का सापडतो: दुकानाच्या नावाची अक्षरं, कधी गावाचं नाव, कधी 22. तो खासगी शिक्का. त्याची खातरी फक्त त्या पेढीच्या शब्दाची. पेढी अजून चालू असेल तर फोटो घेऊन सरळ जा, जुन्या माणसांना आपला शिक्का बरोबर ओळखता येतो.

काही खुणांनी काळही कळतो. भारतात घडवलेली अंगठी 14 कॅरेटची निघाली तर लगेच नाक मुरडू नका. चीन युद्धानंतर, जानेवारी 1963 मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं आणि 14 कॅरेटपेक्षा शुद्ध दागिने घडवायला बंदी झाली. किती सोनारांचं काम गेलं तेव्हा! ती अट काही वर्षांनी उठली, पण त्या काळातले दागिने घराघरांत आहेत. 'केडीएम' लिहिलेलं असेल तर ते अलीकडचं. कॅडमियम मिसळलेल्या डागाने सांधा जोडायचे, त्याची ती खूण. त्याचा धूर कारागिरांना घातक, म्हणून ती पद्धत मागे पडली.

2000 नंतरच्या हॉलमार्कमध्ये त्रिकोणी बीआयएस चिन्ह, 916 सारखा आकडा, तपासणी केंद्राची खूण, सराफाची खूण आणि वर्षाचं अक्षर असायचं. ए म्हणजे 2000, बी म्हणजे 2001, असं पुढे. 2017 पासून वर्षाचं अक्षर गेलं. जुलै 2021 पासून तीनच गोष्टी: चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाका, कोणत्या सराफाने हॉलमार्क करून घेतलं आणि कोणत्या केंद्रात, ते समोर येतं.

शिक्काही चकवतो

अंगठी लहान-मोठी करताना पट्टी कापतात, तेव्हा अर्धा शिक्का उडतो. कधी पट्टी जुनी आणि वरचं खड्याचं घर नवं असतं, मग शिक्का फक्त पट्टीचं वय सांगतो. जी.पी. किंवा आर.जी. दिसलं तर वर नुसता सोन्याचा मुलामा किंवा पत्रा असतो. आणि खोटा शिक्का मारणं काही अवघड नाही. म्हणून शिक्का आणि मशीन, दोघांचं उत्तर जुळतंय का ते बघा. आमच्याकडे जुळलं: मशीनही नऊ, शिक्काही नऊ.

घरी आल्यावर आजीला फोटो मोठा करून दाखवला. म्हटलं, "आजी, हा बघ नऊ. कुणी लपवलं नव्हतं. आणि ही 1937 नंतरची आहे."

आजी म्हणाली, "आईचं लग्न चौतीसचं. आणि अण्णा अडतीसचा." मग थोडा वेळ गप्प. "म्हणजे अण्णाच्या वेळी आणली असेल दादांनी."

आता ते अंगठी सांगत नाही. अंगठी फक्त वर्ष सांगते, पुढचं आजीने जोडलं. पण मोडीत घातली असती तर सराफाच्या पावतीवर दीड ग्रॅमचा हिशेब आला असता, आणि हे वर्ष मुशीत वितळून गेलं असतं.

तर मंडळी, मोडायची असेल तर जरूर मोडा, गरज असते माणसाला. फक्त त्याआधी आतले फोटो काढा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, ही कोणाची. बहिणीच्या चेनसाठी आम्ही आता वेगळी भिशी लावलीये.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!